लाँगरायफल पारखताना नाव शेवटी वाचा

जुनी लाँगरायफल (पेनसिल्व्हेनियात घडलेली लांब नळीची बंदूक) हातात आली की बहुतेक जण आधी नळीवर कोरलेलं नाव शोधतात. विकणाराही तिथेच बोट ठेवतो. माझं सांगणं आहे की ते नाव शेवटी वाचा. आधी लाकूड बघा, मग लॉक (बार उडवणारी यंत्रणा), मग नळी. या तिन्ही गोष्टी एकाच वयाच्या आणि एकाच घरच्या आहेत असं पटलं, की मग नावाकडे वळा. चांगल्या खोदकाम करणाऱ्याला नाव कोरायला फार वेळ लागत नाही. लाकडाची झीज, लोखंडाचा गंज आणि आगीने केलेले डाग यांचा मेळ बसवणं त्याहून कितीतरी कठीण आहे.

मी पुण्यात एका टूलरूमच्या तपासणी विभागात होते. लग्नानंतर पेनसिल्व्हेनियात आले आणि आता रेडिंगजवळ राहते. व्हर्नियर आणि भिंग वापरायची सवय तिथली, रायफलींचं वेड इथलं. या बंदुका जिथे घडल्या तो मुलूख म्हणजे लँकेस्टर, बर्क्स, लेबनन, लीहाय, नॉर्थॅम्प्टन या काउंट्या. माझ्या घरापासून गाडीने सहज जाऊन येण्यासारख्या. ॲडम्सटाउनच्या रविवारच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही एखादी टेबलावर पडलेली दिसते. आपल्यातली बरीच मंडळी या भागात नोकरीनिमित्त आहेत, इस्टेट सेलना (जुन्या घरातल्या सामानाच्या विक्रीला) हौसेने जातात, आणि मग फोटो पाठवून विचारतात, "ताई, घेऊ का?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पारखण्याआधी वस्तू काय आहे ते थोडक्यात. अठराव्या शतकात जर्मन मुलखांतून आलेल्या बंदूककारांनी आपली जेगर रायफल सोबत आणली. ती आखूड असायची, नळी साधारण ३० इंच, भोक ०.६० इंचाच्या आसपास किंवा त्याहून मोठं. पेनसिल्व्हेनियात ती हळूहळू बदलली. नळी ४२ ते ४६ इंचांपर्यंत गेली, भोक अर्ध्या इंचावर आणि पुढे त्याहून खाली आलं, दस्ता बारीक झाला. भोक लहान होण्यामागे साधा हिशेब आहे. ०.६० इंचाच्या नळीला लागणाऱ्या गोळ्या एक पौंड शिशातून २२ च्या आसपास निघतात, अर्ध्या इंचाच्या नळीला लागणाऱ्या ३८. महिनोन्‌महिने जंगलात फिरणाऱ्या शिकाऱ्याला शिसं पाठीवरून न्यायचं होतं. १४ जून १७७५ रोजी अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने निष्णात रायफलधाऱ्यांच्या दहा तुकड्या उभारायचं ठरवलं, त्यांतल्या सहा पेनसिल्व्हेनियाच्या होत्या. पण संग्राहक ज्यांच्यामागे धावतात त्या कोरीव, पितळी साजाच्या रायफली बहुतेक अमेरिकी क्रांतियुद्धानंतरच्या, साधारण १८२० पर्यंतच्या. हे लक्षात असलं म्हणजे 'क्रांतियुद्धात वापरलेली' हे शब्द ऐकून भुलायला होत नाही.

आपल्या संग्रहालयांतल्या तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकाला (आधी पेट घेणाऱ्या बारीक दारूला) लावतात. इथे घोड्याच्या जबड्यात गारगोटी बसवलेली असते, ती फ्रिझन नावाच्या पोलादी पातीवर घासते, ठिणग्या वाटीतल्या रंजकावर पडतात आणि नळीच्या कानातून (बाजूच्या बारीक छिद्रातून) आग आतल्या दारूला लागते. लॉकवरचे आणि कानाभोवतीचे डाग का पडतात हे समजायला एवढं पुरे.

हात लावण्याआधी

जुनी बंदूक भरलेली असू शकते. कितीतरी रायफली शेवटच्या शिकारीनंतर तशाच भिंतीवर टांगल्या गेल्या आणि पिढ्या उलटल्या. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. म्हणून तोंड सुरक्षित दिशेला ठेवून गज (गोळी ठासायची काठी) नळीत अलगद खाली सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढा आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघा. टोक कानापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोन इंच अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. अशी बंदूक जाणकार बंदूककाराकडेच उघडायची. घोडा ओढून 'टक' करून बघण्याचा मोह आवरा. भीती नुसती दारूची नसते, जुनी स्प्रिंग त्याच क्षणी मोडू शकते.

दुसरं, स्वतःचा स्क्रूड्रायव्हर न्या. जुन्या स्क्रूंच्या खाचा कानशीने केलेल्या, अरुंद असतात. आजचं जाड पातं त्यांत बसत नाही, खाच फाटते आणि नुकसान कायमचं होतं. मी पाती घासून बारीक केलेला वेगळा संच ठेवते. सोबत दहापट भिंग, छोटा आरसा, बारीक टॉर्च, अतिनील टॉर्च आणि प्लास्टिकचा व्हर्नियर. धातूचा व्हर्नियर मालकाच्या वस्तूवर टेकवायचा नाही.

लाकूड

आधी रायफल टेबलावर आडवी ठेवून चार पावलं मागे या. नजर बटपासून (दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या भागापासून) नळीच्या तोंडापर्यंत कुठेही न अडखळता सरकली पाहिजे. चांगल्या बंदूककाराने दस्त्याचा वरचा आणि खालचा उतार एकाच विचाराने काढलेला असतो. तो उतारच तुम्हाला मुलूख सांगतो. लँकेस्टरच्या दस्त्याची रेषा सरळ असते आणि पितळी पॅचबॉक्सच्या (दस्त्यातल्या झाकणाच्या छोट्या पेटीच्या) टोकाला बहुधा डेझीचं फूल. लीहाय आणि बर्क्सकडचा दस्ता वरून बाकदार, ज्याला इथे रोमन नाक म्हणतात. लीहायच्या काही रायफलींवर पुढच्या दस्त्याच्या पोटाला एक छोटं मुंडकं कोरलेलं सापडतं. बेडफर्डच्या रायफली सडपातळ, लॉकही लांब आणि बारीक. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात पितळेऐवजी लोखंडी साज जास्त. ही ओळख फोटोंवरून अर्धीच होते. लँकेस्टरजवळचं लँडिस व्हॅली संग्रहालय आणि नाझरेथजवळ जेकब्सबर्गचं लाँगरायफल संग्रहालय, या दोन ठिकाणी वेळ काढून जा आणि एकेका रायफलीसमोर उभं राहून हाताने वहीत रेषा काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही. हात एकदा त्या बाकावरून फिरला की पुढे खोटा बाक डोळ्याला खटकतो.

दस्ता बहुतेक वेळा पट्टेरी मेपलचा. हे पट्टे लाकडाच्या आतले असतात, रायफल फिरवली की उजेड-सावली जागा बदलते. वरून रंगाने काढलेले पट्टे जागचे हलत नाहीत. साध्या मेपलवर पट्टे रंगवण्याची रीत जुन्या काळीही होती, त्यामुळे रंगवलेले दिसले म्हणून लगेच खोटं ठरवू नका. फक्त ते जुने की कालचे एवढं बघा.

आता सगळ्यांत महत्त्वाची जागा. गज जिथे लाकडात शिरतो तिथे पितळी नळकांडं असतं, त्याच्या आसपास टॉर्च तिरकी धरून बघा. लाँगरायफलीचा पुढचा दस्ता फार पातळ असतो, तो फुटतो, आणि जोड द्यायचा तर याच नळकांड्याखाली लपवता येतो. नळकांड्याच्या पुढे पट्ट्यांची चाल बदलली, लाकडाची छटा बदलली, झीज अचानक कमी झाली, तर पुढचा भाग नवा आहे. असं खूप रायफलींत असतं. जोड उघड सांगितला असेल आणि किंमत त्या मानाने असेल तर रायफल घ्यायला हरकत नाही. न सांगितलेल्या जोडाचे मात्र मी सरळ पैसे कापते, आणि त्या विक्रेत्याच्या बाकीच्या शब्दांवरही विश्वास कमी करते.

बटप्लेटच्या कडेवरून नख फिरवा. लाकूड दोनशे वर्षांत आडव्या दिशेने थोडं आक्रसतं, त्यामुळे धातूची कड किंचित वर लागते. सगळीकडेच धातू खूप वर आला असेल, पितळी-चांदीची जडावं उचलल्यासारखी वाटत असतील आणि कोरीवकामाच्या कडा पुसट असतील, तर कुणीतरी सँडपेपर चालवला आहे. हे नुकसान भरून येत नाही. अतिनील उजेडात जुनं रोगण एकसारखं उजळतं, नवी डागडुजी वेगळ्या रंगाची उठून दिसते.

झीज कुठे आहे हा प्रश्न स्वतःला पुन्हा पुन्हा विचारा. गाल टेकतो तिथे, रायफल उचलताना हात पडतो तिथे, बटच्या खालच्या टोकाला. जिथे माणसाचा हात कधी पोचतच नाही, उदाहरणार्थ कोरीवकामाच्या खोल खाचेत, तिथे बाहेरच्याइतकीच झीज दिसली तर ती कुणीतरी बनवलेली आहे. विसाव्या शतकात ही कला पुन्हा जिवंत झाली आणि आजचे काही कारागीर जुन्यांच्या तोडीचं काम करतात. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, ते आपलं काम आपल्या नावाने विकतात. अडचण पुढच्या हातांत होते, जेव्हा नाव खोडलं जातं आणि वय वाढवलं जातं.

लॉक

पारखण्यातला सगळ्यांत खोल भाग हाच, इथे घाई करू नका. १८२० नंतर टोपीची बंदूक (गारगोटीऐवजी छोट्या स्फोटक टोपीने पेटणारी) आली आणि पुढच्या काही दशकांत चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या, रायफली मोठ्या संख्येने बदलून घेतल्या गेल्या. वाटी कापली, फ्रिझन काढली, कान मोठा करून त्यात आटे पाडले आणि निपल (टोपी बसवायची बोंडी) असलेला छोटा ड्रम घट्ट केला. शिकाऱ्याच्या दृष्टीने ती शहाणी सुधारणा होती. विसाव्या शतकात संग्राहकांना चकमकच हवी झाली, म्हणून त्याच रायफली परत चकमकीच्या केल्या गेल्या. आज 'चकमकीची' म्हणून समोर येणारी प्रत्येक रायफल या तिघांपैकी एक असते: मुळापासून तशीच राहिलेली, परत फिरवलेली, किंवा नवी. तुम्हाला कोणती विकली जात आहे हे ठरवायचं आहे.

मालकाची परवानगी घ्या. घोडा अर्ध्यावर ठेवा, आडवे बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा, त्यांच्या डोक्यांवर लाकडी मुठीने हलकेच ठोका. लॉक थोडं बाहेर आलं की मगच बोल्ट पूर्ण काढा. लॉक कडेने उचकटलं तर लाकडाचा टवका निघतो.

प्लेटच्या आतल्या बाजूने भोकं मोजा. फ्रिझन आणि तिच्या स्प्रिंगची भोकं कधी बुजवून पुन्हा पाडली गेली असतील तर भिंगाखाली वर्तुळाची पुसट रेषा दिसते. वाटी नंतर तापवून जोडलेली असेल तर तिच्याभोवतीचं लोखंड बाकीच्या प्लेटपेक्षा गुळगुळीत असतं, कारण उष्णतेनंतर तिथे कानस फिरवावी लागते. फ्रिझन, घोडा आणि प्लेट यांचा गंज एकाच पोताचा आहे का? प्लेटवर खोल खड्डे आणि फ्रिझन नितळ, हे एकत्र नांदत नाही.

मग नळीचा कान. चकमकीच्या आगीने कानाभोवतीचं लोखंड पसरट खात जातं आणि वाटीमागचं लाकूड काळवंडतं. टोपीतल्या क्षारांनी झालेला गंज वेगळा, निपल जिथे होतं त्याच्याभोवती दाट आणि खडबडीत. रायफलीवर चकमक दिसते आणि गंज टोपीचा आहे, तर ती परत फिरवलेली. कानाभोवती गोल रेषा दिसली तर जुन्या ड्रमचं भोक बुश (लोखंडी कडं) घालून बुजवलं आहे.

लॉकवर इंग्रजी नाव दिसलं म्हणून नाराज होऊ नका. बर्मिंगहॅमच्या केटलँडसारख्यांची लॉक अमेरिकेत भरपूर आयात होत आणि इथले बंदूककार ती बसवत. त्या लॉकसाठी लाकडात केलेली खाच मात्र नीट तपासा. जुनी खाच पटाशीची असते, तळाशी पात्याचे सपाट माग दिसतात. कोपरे सगळे एकाच त्रिज्येचे गोल असतील तर तिथे राउटर (लाकूड कोरायचं विजेचं यंत्र) फिरला आहे. लाकडाच्या पट्ट्या भरून खाच लहान केली असेल तर लॉक दुसऱ्या बंदुकीचं.

स्क्रूही सोडू नका. आट्यांचं अमेरिकी प्रमाण विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये फिलाडेल्फियात मांडलं. त्याआधी प्रत्येक बंदूककार आपापल्या फणीने आटे पाडायचा. आजच्या पिच गेजमध्ये (आट्यांमधलं अंतर मोजायच्या पट्टीत) आटा चपखल बसला तर तो स्क्रू नवा. एखादा बदललेला स्क्रू क्षम्य आहे, सगळेच तसे असतील तर मी रायफल खाली ठेवते.

नळी

जुनी नळी लोखंडाची पट्टी तापवून, गुंडाळून, ठोकून जोडलेली असते. बाहेरून अष्टकोनी, आणि चांगल्या काळातली बहुधा कमरेशी बारीक: मागे जाड, मध्यावर पातळ, तोंडाशी पुन्हा थोडी फुगलेली. व्हर्नियरने पाच-सहा ठिकाणी मापं घेऊन लिहा. हाताने घासलेल्या नळीच्या आठही बाजू कधीच अगदी सारख्या भरत नाहीत. सगळीकडे नेमकं १३/१६ किंवा ७/८ इंच आलं तर आजच्या कारखान्याच्या नळीची शंका घ्या. १८३० नंतरच्या अस्सल नळ्याही सरळ असतात, म्हणून या एका मापावर निकाल देऊ नका.

नळी आखूड केली जाते, तोंडाकडून किंवा मागून. तोंडाकडून कापली असेल तर तोंडाचा फुगवटा गायब असतो आणि माशी (नेम धरायचा पुढचा उंचवटा) कडेच्या फार जवळ येते. मागचा जळालेला भाग कापून नळी मागे सरकवली असेल तर नळीखालच्या पिना अडकवायच्या कड्या आणि लाकडातल्या पिनांची भोकं जुळत नाहीत, जुनी भोकं बुजवलेली सापडतात. हे बघायला नळी दस्त्यातून काढावी लागते. ते बाजारात करू नका, पिना काढताना पुढचा दस्ता चिरतो. मोठ्या रकमेची खरेदी असेल तर जाणकारासमोर काढून बघण्याची अट घाला. नळीच्या पोटाकडे हातोडीचे आणि कानशीचे माग, क्वचित जोडाची रेषा दिसते. ती बाजू कुणाला दाखवायची नव्हती, म्हणून तिथे सजावट नसते आणि वय स्वच्छ दिसतं.

गोळीला फिरकी देणारे नळीच्या आतले चर झिजले की बंदूककार ते पुन्हा खोल करून देत. त्याने भोक मोठं होतं, किंमत फारशी घटत नाही.

आता नाव

भिंगाखाली अक्षराचा तळ बघा. आजूबाजूला गंजाचे खड्डे आहेत आणि अक्षराची रेघ त्या खड्ड्यांतून धारदार, चकचकीत जाते, तर अक्षर गंजानंतरचं. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट (१७४०–१८२२) यासारखं नाव किंमत कित्येक पट करतं, म्हणून अशा नावांवर जास्त वेळ घालवा. नाव खरं असलं तरी ते फक्त नळीचं आहे. नळ्या विकल्या जात, जुनी नळी नव्या दस्त्यावर चढवली जाई. दस्त्याचा बाक लीहायचा आणि नाव लँकेस्टरचं असेल तर दोन बंदुकांची एक झाली आहे का ते बघा. बिननावाची पण सुसंगत रायफल मी अशा नामवंत जोडकामापेक्षा वरची मानते.

आणखी एक गोष्ट विचारा: ही कुठून आली? ख्रिश्चन ऑर्टर या मोरेव्हियन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) बंदूककाराने १७७५ मध्ये केलेली, नाव आणि साल कोरलेली रायफल १९७१ मध्ये व्हॅली फोर्जच्या संग्रहालयातून चोरीला गेली. जवळजवळ पन्नास वर्षांनी ती एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या हाती आली, आणि त्याला ती आधी नक्कल वाटली होती. खरं काय ते कळल्यावर ती परत देण्यात आली. वारसदारांचं पत्र, जुनी पावती, मृत्युपत्रातली यादी, जे मिळेल ते कागद रायफलीसोबत मागून घ्या. 'आजोबा सांगायचे' हे लिहून ठेवा, पण त्याचे पैसे देऊ नका.

किंमत आणि कागद

एकाच रायफलीच्या तीन किमती असतात. विम्याची भरपाई किंमत सर्वांत जास्त, राजीखुशीच्या खरेदी-विक्रीची त्याखाली, आणि लिलावाचा अंदाज त्याहून वेगळा. लिलावात हातोडी पडते त्या रकमेवर खरेदीदाराचा अधिभार लागतो, बऱ्याचदा २० टक्क्यांहून जास्त. तो धरूनच बोलीची मर्यादा ठरवा. साधी, उशिराची, टोपीची रायफल हजार-दोन हजार डॉलरांत किंवा त्याखाली मिळू शकते. कोरीव, सही असलेली, मूळ चकमक टिकलेली रायफल दहा हजारांच्या बरीच पुढे जाते आणि थोड्या नामांकित लाखापलीकडे. नवीन माणसाने सुरुवात साध्या, प्रामाणिकपणे टोपीत बदललेल्या आणि तशाच राहिलेल्या रायफलीने करावी. कमी पैशांत खरं लाकूड आणि खरी नळी अभ्यासाला घरी येते.

मूल्यांकन करणाऱ्याने ठरावीक फी घ्यावी. किमतीची टक्केवारी मागणारा, किंवा मूल्यांकन करता करता 'मलाच द्या' म्हणणारा, टाळा. संग्रहालयाला दान देऊन करसवलत घ्यायची आणि किंमत ५,००० डॉलरांवर असेल तर पात्र मूल्यांककाचा अहवाल लागतो.

कायद्याचं: अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक प्राचीन समजली जाते आणि नेहमीच्या नियमांतून बाहेर राहते. राज्यांचे नियम निराळे, राज्य बदलताना आधी तपासा. भारतात नेण्याचा विचार असेल तर शस्त्र कायदा १९५९ मधली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्राला आहे. चालू स्थितीतली लाँगरायफल त्यात बसत नाही, म्हणून परवान्याचं पक्कं झाल्याशिवाय बॅगेत घालू नका.

घरी आणल्यावर पितळ घासू नका. चिंचेने तर नाहीच. तो तपकिरी थर गेला की मूल्यांकनात लगेच दिसतो. लोखंडाला पातळ मेणाचा हात, लाकडाला कोरडं मऊ फडकं, टांगायची जागा हीटरपासून दूर. पहिल्याच आठवड्यात वही करा: व्हर्नियरची सगळी मापं, लॉकच्या आतल्या बाजूचा फोटो, कानाचा आणि गजाच्या नळकांड्याचा जवळून फोटो, सापडलेला प्रत्येक जोड आणि बदललेला प्रत्येक स्क्रू. पुढे विकाल तेव्हा ती वही रायफलीसोबत द्या.